अमळनेरचा भागधारक आणि आपली बचत

(वारणानगर येथील पालक-शिक्षक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडा विस्तारून.)



संस्थेच्या चिटणीसांनी मला बोलावले तेव्हा विषय सुचवला होता, 'यशस्वी गुंतवणूकदार कसा असतो?' विषय ऐकून मला प्रथम हसू आले. कारण मी आयुष्यभर वाणिज्य शिकवले, फळ्यावर चक्रवाढीची गणिते सोडवून दाखवली, आणि स्वतःच्या घरच्या पैशाच्या बाबतीत मात्र सपशेल नापास झालो. ती हकीकत पुढे सांगणारच आहे. पण आधी एका अशा गावाची गोष्ट सांगतो, जिथल्या साध्यासुध्या माणसांनी मुंबईच्या भल्याभल्या दलालांना जमले नाही ते करून दाखवले.

ते गाव म्हणजे जळगाव जिल्ह्यातील अमळनेर. बोरी नदीच्या काठचे हे गाव आपल्याला माहीत आहे ते साने गुरुजींमुळे. तिथल्या प्रताप हायस्कुलात गुरुजी शिक्षक होते. परंतु उद्योगाच्या जगात अमळनेरची ओळख वेगळी आहे. १९४५ सालच्या डिसेंबरात महंमद हुसेन हाशम प्रेमजी या मुंबईच्या व्यापाऱ्यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना अमळनेरात उभारला. खानदेशात भुईमूग पिकत होता आणि गावात रेल्वे होती. कारखान्यात वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा साबण तयार होऊ लागला. पुढे फाळणी झाली, पण प्रेमजी कुटुंब इथेच राहिले आणि त्यांचा कारखानाही इथेच राहिला. याच कंपनीच्या लांबलचक नावाची अक्षरे जुळवून पुढे 'विप्रो' हे नाव झाले.

कंपनीचे भाग काही अमळनेरच्या लोकांनीही घेतले. त्यात व्यापारी होते, शेतकरी होते, वकील-डॉक्टर होते, कारखान्याशी संबंध असलेली माणसे होती. आपल्या गावात कारखाना निघाला आहे, चार पैसे त्यात घालावेत, एवढाच त्यांचा हिशेब होता. त्यांच्यापैकी कोणी अर्थशास्त्राची पुस्तके वाचली होती असे नाही.

एकवीस वर्षांचा मुलगा

१९६६ साली महंमद हुसेन प्रेमजी यांचे अचानक निधन झाले. त्यांचा मुलगा अझीम तेव्हा अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकी शिकत होता. वय वर्षे २१. शिक्षण अर्धवट टाकून तो परत आला आणि कंपनीच्या खुर्चीवर बसला. (ती पदवी त्यांनी पुढे अनेक वर्षांनी पुरी केली, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.) कंपनीच्या वार्षिक सभेत एका भागधारकाने उठून त्यांना तोंडावर सांगितले, की हा कारभार तुम्हाला झेपणार नाही, तुम्ही आपले भाग विकून कोणा अनुभवी माणसाच्या हाती कंपनी द्यावी. ही हकीकत खुद्द प्रेमजींनीच पुढे अनेकदा सांगितली आहे.

त्या भागधारकाचे बोलणे कठोर होते, पण गैर नव्हते. ज्याने पैसे घातले आहेत त्याला विचारण्याचा हक्क आहे. आपल्यापैकी किती जण, ज्या पतसंस्थेत, ज्या सोसायटीत आपले भाग आहेत, तिच्या वार्षिक सभेला जातात? गेलो तरी अहवाल उघडून पाहतो, की चहा घेऊन सही करून परत येतो? त्या माणसाचे नाव कोणाला ठाऊक नाही. पण एकवीस वर्षांच्या मुलाला तो प्रश्न इतका लागला, की आयुष्यभर तो विसरला नाही.

पुढे अझीम प्रेमजींनी काय केले? तुपा-साबणाच्या धंद्यातून जो नफा येई, तो सगळा वाटून न टाकता नव्या धंद्यात घातला. १९७०च्या दशकात यंत्रांना लागणारे हायड्रॉलिक सिलिंडर करण्याचा कारखाना काढला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आयबीएम ही बलाढ्य अमेरिकन कंपनी भारतातून निघून गेली आणि संगणकाच्या क्षेत्रात जागा मोकळी झाली, तेव्हा तूप विकणाऱ्या या कंपनीने संगणक करण्याचे धाडस केले. त्यातून पुढे संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा व्यवसाय उभा राहिला, आणि २००० साली कंपनीचे भाग न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदले गेले. स्वतः प्रेमजी मात्र विमानात साध्या वर्गाने प्रवास करीत राहिले. कोट्यधीश झाल्यावर काटकसर सोडायची असते, हे त्यांना कोणी शिकवले नसावे.

एका भागाचे गणित

आता फळ्यावरचे गणित मांडतो. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन माझ्याबरोबर करून पाहावे.

समजा, १९८० साली एखाद्या अमळनेरकराजवळ १०० रुपये दर्शनी किमतीचा एकच भाग होता. १९८१ साली कंपनीने एकास एक बोनस दिला, दोन भाग झाले. १९८५ साली पुन्हा एकास एक, चार झाले. १९८६ साली १०० रुपयांच्या भागाचे दहा-दहा रुपयांचे तुकडे केले, ४० झाले. १९८७, १९८९, १९९२ आणि १९९५ अशा चार वेळा एकास एक बोनस आला, ते झाले ६४०. १९९७ साली एकास दोन बोनस, म्हणजे १,९२०. १९९९ साली दहा रुपयांच्या भागाचे दोन-दोन रुपयांचे पाच तुकडे, ९,६००. २००४ साली एकास दोन, २८,८००. २००५ साली एकास एक, ५७,६००. २०१० साली तिनास दोन, ९६,०००. २०१७ साली एकास एक, १,९२,०००. २०१९ साली तिनास एक, २,५६,०००. आणि २०२४ साली पुन्हा एकास एक, म्हणजे ५,१२,०००.

एका भागाचे पाच लाख बारा हजार भाग! दर भागाचा भाव २०० रुपये धरला, तरी १० कोटी २४ लाख रुपये होतात. मधल्या काळात मिळालेला लाभांश वेगळाच.

मेळाव्यात हे सांगितले तेव्हा मागून एक तरुण म्हणाला, "सर, मग आपणही बोनस देणाऱ्या कंपन्याच शोधायच्या!" नाही बाळ, इथेच चूक होते. बोनसने किंवा तुकडे केल्याने एका पैशाचीही भर पडत नाही. भाकरीचे चार तुकडे केले म्हणून भाकरी मोठी होत नाही. अमळनेरकरांची भाकरी मोठी झाली, कारण कंपनी वर्षानुवर्षे नफा मिळवत होती आणि त्यातला मोठा हिस्सा पुन्हा धंद्यात पेरत होती. शेतकऱ्याने पिकातले निवडक बियाणे पुढच्या हंगामासाठी बाजूला काढावे, तसे ते होते. बियाणे खाणाऱ्याच्या घरी सुगी येत नाही.

त्यांची विचारसरणी

अमळनेरच्या भागधारकांविषयी वर्तमानपत्रांतून वेळोवेळी लिहून आले आहे. त्यावरून, आणि माझ्या अल्पबुद्धीने, त्यांच्या वागण्यात मला चार गोष्टी दिसतात.

पहिली, त्यांना धंदा डोळ्यांसमोर दिसत होता. कारखाना चालू आहे की बंद, माल खपतो आहे की पडून आहे, हे गावात राहणाऱ्याला कळत होते.

दुसरी, त्यांना रोजचा भाव दिसत नव्हता. त्या काळी अमळनेरात बसून मुंबईचा भाव तासातासाला कळण्याची सोय नव्हती. आज ही अडचण वाटेल. मी म्हणतो ते त्यांचे भाग्य होते. दर पाच मिनिटांनी रोप उपटून मुळे पाहणाऱ्याच्या शेतात काय उगवणार? आजचा तरुण भ्रमणध्वनीवर दिवसातून पन्नास वेळा भाव पाहतो आणि त्याला अभ्यास म्हणतो.

तिसरी, त्यांनी गरजेपुरतेच विकले. मुलीचे लग्न निघाले, घराचा मजला चढवायचा झाला, तर थोडे भाग विकले. बाकीचे ट्रंकेत राहू दिले. भाग ही त्यांच्या लेखी जमिनीसारखी चीज होती. बांधावरची चार झाडे तोडावीत, पण जमीन विकू नये.

चौथी, बहुतेकांनी घातलेला पैसा स्वतःचा होता आणि थोडा होता. बुडाला असता तरी चूल विझली नसती. म्हणूनच त्यांना थांबता आले. कर्ज काढून भाग घेणाऱ्याला सावकार थांबू देत नाही.

नाण्याची दुसरी बाजू

एवढेच सांगून मी बसलो तर तुमची फसवणूक केल्यासारखे होईल. याच विप्रोच्या भागाचा भाव फेब्रुवारी २००० मध्ये शिगेला पोहोचला. संगणकाच्या नावाने बाजार वेडा झाला होता. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात तो असा कोसळला, की निम्म्यानेही थांबला नाही. ज्यांनी त्या शिखरावर, शेजाऱ्याचे पाहून भाग घेतले, त्यांना पुढचे सगळे बोनस जमेस धरूनही मूळ भाव पुन्हा पाहायला जवळजवळ वीस वर्षे लागली. कंपनी तीच, मालक तोच, भागही तोच. अमळनेरकराने तो धंद्याच्या किमतीला घेतला होता, यांनी स्वप्नाच्या किमतीला घेतला. वस्तू चांगली असणे पुरेसे नाही, किंमतही रास्त असावी लागते, हे आपल्या बायकांना मंडईत कळते आणि आपल्याला बाजारात कळत नाही.

दुसरे असे, की ट्रंकेत जपलेला प्रत्येक कागद सोन्याचा होत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांचे भाग एकेकाळी मोठ्या प्रतिष्ठेचे होते. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, कित्येक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत, आणि त्यांतल्या अनेकांचे भाग रद्दीच्या मोलाचे झाले. ते भाग जपणाऱ्यांचाही संयम थोर होता. पण त्यांच्यावर लेख लिहिले जात नाहीत. म्हणून 'घ्या आणि विसरा' हा अमळनेरचा धडा नव्हे. 'घ्या, लक्ष ठेवा, आणि कारण नसताना विकू नका' हा आहे. सगळी बचत एका कंपनीत ठेवणे हे तर त्यांच्या नशिबाने तरले. आपण तसे करू नये.

वारणाकाठचा भाग

वारणानगरात हे सांगताना मला परके वाटत नाही. तात्यासाहेब कोरे यांनी १९५०च्या दशकात या माळावर साखर कारखान्याची खटपट सुरू केली, तेव्हा भांडवल कुठून आले? सरकारने आणि वित्तसंस्थांनी हात दिला हे खरे, पण पाया होता तो ऊस पिकवणाऱ्यांच्या भागांचा. पुढे दूध संघ, वारणा बाजार, महाविद्यालये, मुलांचा वाद्यवृंद असे सारे त्याच भोवती उभे राहिले. १९९८ साली इथल्या सुमारे सत्तर गावांना संगणकाने जोडण्याची योजनाही आली.

सहकारी कारखान्याचा भाग आणि कंपनीचा भाग यांत मात्र फरक आहे, तो समजून घ्यावा. सहकारात माणशी एक मत असते, मग भाग एक असो की पन्नास; कंपनीत जितके भाग तितकी मते. सहकारातल्या लाभांशाला कायद्याने मर्यादा आहे आणि भागाची किंमत बाजारात चढत नाही. तिथला लाभ उसाच्या दरातून, नोकरीतून, मुलांच्या शाळा-कॉलेजातून येतो. एकाचा दहा कोटी होत नाही, पण सगळ्या खोऱ्याला रस्ता, वीज, शाळा मिळते. मी एकाला श्रेष्ठ आणि दुसऱ्याला कनिष्ठ म्हणणार नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: आपला पैसा एखाद्या खऱ्या कामात गुंतला पाहिजे, आणि त्या कामाच्या बऱ्या-वाईटात आपला वाटा पाहिजे.

माझी हकीकत

आता कबुली देतो. १९९०च्या दशकात मी चाळीस हजार रुपये एका कंपनीत ठेवले. तीन वर्षांत दामदुप्पट देण्याचे तिचे वचन होते. आणणारा नात्यातला होता. तालुक्याच्या गावी काचेचे कार्यालय होते. व्याज नव्हे, नफ्याचा वाटा, असे सांगितल्यामुळे आमच्या आळीतल्या बऱ्याच घरांनी पैसे दिले. आणि सर देताहेत म्हणजे चौकशी केली असेल, असे म्हणून काहींनी माझ्यामागून दिले. ते मला आजही डाचते.

तीन वर्षांत दुप्पट म्हणजे दरसाल शेकडा सव्वीस. हे गणित मी दरवर्षी अकरावीच्या वर्गात शिकवत होतो. हा नफा कुठल्या धंद्यातून येणार, कारखाना कुठे आहे, हिशेब कोणी तपासला, यातले काहीही मी विचारले नाही. पहिल्या वर्षी धनादेश वेळेवर आले. दुसऱ्या वर्षी दाराला कुलूप होते.

ते पैसे मुलीच्या अभियांत्रिकीसाठी होते. तिला गुण मिळाले होते, जागाही मिळत होती. फी भरायच्या दिवशी मी तिला खरे सांगितले. ती एवढेच म्हणाली, "अब्बा, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी तिच्या आईच्या पाटल्या मोडल्या आणि ती गेली. शिकली, नोकरीला लागली. पण तिचे ते एक वर्ष मला कोणतीही कंपनी परत देऊ शकत नाही.

हे जुने झाले म्हणावे, तर जून २०१९ मध्ये बंगळूरची आय मॉनेटरी ॲडव्हायझरी बंद पडली आणि हजारो कुटुंबांचे पैसे अडकले. त्यांत बहुसंख्य आपल्याच समाजातली, आणि नफा हलाल आहे या शब्दावर विश्वास टाकलेली. व्याजाच्या प्रश्नावर बोलण्याचा मला अधिकार नाही; ज्यांना शंका असेल त्यांनी जाणकार आलिमांना विचारावे. मुंबई शेअर बाजाराने २०१० साली शरियतच्या निकषांवर निवडलेल्या ५० कंपन्यांचा निर्देशांक काढला होता, म्हणजे या वाटेने विचार झालेला आहे. मी एवढेच म्हणेन: ज्या धंद्यात तोट्याचा संभवच नाही असे कोणी सांगतो, तो भागीदारी देत नाही, आमिष देतो. धर्माचे नाव ही हिशेबाची पावती नव्हे.

तुम्ही काय कराल?

कोणता भाग घ्यावा हे मला विचारू नका. ते मला कळत असते तर पाटल्या मोडाव्या लागल्या नसत्या. पण पुढील गोष्टी प्रत्येक घरात करता येतील.

वर्षभराचा घरखर्च, आजारपण आणि मुलांची जवळची फी एवढे पैसे बाजारापासून दूर, लगेच हाती येतील असे ठेवावेत. जे दहा वर्षे लागणार नाहीत, तेवढेच भागांत किंवा म्युच्युअल फंडात घालावेत, आणि तेही दरमहा थोडे थोडे. पैसे मागणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे का ते आधी पाहावे. तो कोणाचा मेहुणा आहे, हे नंतर पाहावे. गुंतवणुकीचा कागद बायकोला आणि मोठ्या मुलांना दाखवावा, वारस म्हणून नाव लावावे. ज्यांच्या घरी वडिलांच्या वेळची कागदी भागपत्रे असतील, त्यांनी ती डिमॅट खात्यात नोंदवून घ्यावीत. एप्रिल २०१९ पासून कागदी भागांचे हस्तांतर होत नाही, आणि लाभांश सलग सात वर्षे न उचलल्यास ते भाग सरकारच्या निधीकडे वर्ग होतात. अशा वेळी अर्ज करून ते परत मागता येतात, हेही लक्षात असू द्यावे.

शेवटी पुन्हा अझीम प्रेमजींकडे येतो. मार्च २०१९ पर्यंत त्यांनी विप्रोतील ६७ टक्के भागांचे उत्पन्न आपल्या प्रतिष्ठानाच्या नावे केले. हे धरून त्यांनी प्रतिष्ठानाला दिलेल्या एकूण देणगीची किंमत त्या वेळी सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपये होती. हे प्रतिष्ठान सरकारी शाळांतल्या शिक्षकांबरोबर, मुलांच्या शिक्षणासाठी काम करते. ज्याला एकवीसाव्या वर्षी शिक्षण सोडून यावे लागले, त्याने मिळवलेल्या धनाचा मोठा वाटा अखेर शाळेच्या वाटेवर ठेवला.

आपल्यापैकी कोणाजवळ विप्रो नाही. पण दरमहा पाचशे रुपये आहेत, मुलगी आहे, आणि तिच्या फीचा दिवस ठरलेला आहे. त्या दिवशी तिला "पुढच्या वर्षी बघू" असे म्हणावे लागू नये, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप. तेवढे जमले, तर तुम्ही माझ्या लेखी यशस्वी गुंतवणूकदार आहात.